नुसती गोळी

बलभीमराव रुसले की पहिल्यांदा चहा सोडत. त्या दिवशी तेरखेड्याहून निघताना त्यांनी भरलेला कप तसाच ठेवला, तेव्हाच त्यांच्या सुनेनं, राजनंदिनीनं ओळखलं की आजचं धोंड्याचं जेवण काही सरळ पार पडायचं नाही.

अधिक महिना होता. ढोकीला तिच्या माहेरी जावयाला वाण द्यायचं होतं आणि जावयाबरोबर त्याच्या आईवडिलांनाही आग्रहाचं बोलावणं होतं. राजनंदिनीच्या लग्नात बलभीमरावांच्या आधी कुणा पुढाऱ्याला फेटा बांधला गेला होता. त्या लग्नानंतर झालेली नातवंडं आता शाळेत जायला लागली, पण बलभीमरावांच्या डोक्यातून तो फेटा काही उतरला नव्हता.

येरमाळा मागं पडलं तसे ते बोलले.

“अमर, जेवणं झाल्यावर म्या त्यांच्यासमोर सांगणार हाय. त्या दवाखान्याच्या प्रयोगातनं माझं नाव काढायचं. सोमवारी म्या सोलापूरला येणार न्हाय.”

मुलगा अमरसिंह गाडी चालवत होता. त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. “आबा, मग गोळ्यांचं कसं?”

“गोळ्याबी नको. ढोकीच्या इवायाला गोळी आन् वर सलाईन, आन् आमी नुसती गोळी खायची. आमी काय त्यांच्या दारात मागायला गेलतो?”

“बरोबर बोलतेत,” मागच्या सीटवरून त्यांच्या बायकोनं, दगडाबाईंनी री ओढली. “आपण मुलाकडचे. त्यांना दोन आन् आपल्याला एक, ही कुठली रीत?”

ही रीत कुठून आली ते राजनंदिनीला पक्कं ठाऊक होतं, कारण दोघांनाही त्या दवाखान्यात तिनंच नेलं होतं. आधी सासऱ्यांना. विडीला जन्मात न शिवलेल्या माणसाला खोकला लागला, टीबी समजून कितीतरी महिने औषधं चालली, आणि शेवटी सोलापुरात फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. त्या धक्क्यातच तिला माहेरचा खोकला आठवला. तिचे वडील महारुद्र फोनवर बोलता बोलता खोकायचे आणि ‘पाचट पेटवलं होतं, धूर गेला’ म्हणून वेळ मारून न्यायचे. त्यांनाही तिनं ओढतच नेलं. तोच आजार, आणि गाठीच्या पेशींमध्ये बदलही तोच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकाच सोयरिकीत असा योग फार क्वचित. दगडाबाई म्हणाल्या, लग्न ठरवताना पत्रिका नीट बघायला हवी होती.

त्या बदलावर नेमकी चालणारी गोळी होती, रोज घ्यायची. पेशीला ‘वाढ, वाढ’ सांगणारं जे बटण अडकून बसलेलं असतं, ते ती बंद करते. त्याच्या जोडीला शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं सलाईन दिलं तर माणूस जास्त जगतो का, एवढंच दवाखान्याला शोधून काढायचं होतं. म्हणून अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना गोळी आणि सलाईन. कुणाला काय, ते ना डॉक्टर ठरवणार ना रोगी. ते संगणक ठरवणार.

इथं राजनंदिनी चुकली. ती कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि कुठलीही गोष्ट सोपी करून सांगायची तिला खोड आहे. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. “मामा, ईश्वरचिठ्ठीसारखंच समजा,” असं ती म्हणून गेली. बलभीमराव सोसायटीच्या निवडणुकीत बरोबरीत येऊन ईश्वरचिठ्ठीत पडलेले. चिठ्ठी म्हटली की ती कुणीतरी आधीच ठरवून दुमडलेली असते, यावर ते देवाचंही ऐकत नसत. आणि या चिठ्ठीत नेमकं व्याह्यांना सलाईन निघालं.

“नंदिनी,” आता ते मागं वळून विचारत होते, “ते सलाईन पहारेकरी जागे करतं, आसं तूच सांगितलंस न्हवं?”

“हो मामा. गाठ त्यांना गुंगवून ठेवते. सलाईन ती गुंगी उतरवतं.”

“मंग माझे पहारेकरी झोपूनच ऱ्हावेत?”

“पण जागे केल्यानं फायदा होतो का तोटा, हेच अजून ठाऊक नाही ना.”

“डॉक्टरीणबाईला ठाऊक न्हाय?”

“कुणालाच ठाऊक नाही.”

हा प्रश्न त्यांनी तिला आतापर्यंत शंभरदा विचारला असेल. प्रत्येक वेळी ते चिडायचे आणि चार दिवसांनी पुन्हा विचारायचे, कारण चिडण्याच्या खाली त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. राजनंदिनीला त्यांचा संतापही यायचा आणि मायाही यायची. गोळी सोडली तर हा माणूस फार दिवस राहणार नाही हे तिला कळत होतं, आणि गाडीत तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं.

ढोकीला साखर कारखान्याचा हंगाम कधीच संपलेला. गावात ट्रॅक्टरही दिसत नव्हते. महारुद्र दारात उभे होते, परीटघडीचे पांढरे कपडे घालून. दर वेळी ते गाडीपाशी येऊन दार उघडत. आज पायऱ्यांवरूनच त्यांनी हात जोडले.

“या इवाई. या.”

बलभीमरावांनी मनात नोंद घेतली. सलाईन चढायला लागल्यापासून माणसाला चार पायऱ्याही उतरवेनात.

पाटावर जावयाला बसवलं. अधिकात जावयाचे पाय सासऱ्यानं धुवायचे आणि व्याह्यांच्या पायावरही पाणी घालायचं, ही या घरांची पद्धत. महारुद्र कसेबसे वाकले, अमरसिंहाच्या पायांवर तांब्या रिता केला आणि सरळ झाल्यावर भिंतीला हात लावून उभे राहिले. मग दुसरा तांब्या त्यांनी बायकोच्या हातात दिला.

“तू घाल. इवायांच्या पायावर.”

विठाबाईंनी खालमानेनं पाणी घातलं. दगडाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं छताकडं पाहिलं. ही दुसरी नोंद, आणि पहिल्यापेक्षा मोठी.

ताटं वाढली गेली. पुरणाचे धोंडे, अनारसे, कटाची आमटी, साजूक तुपाची धार. बलभीमरावांनी ठरवलं होतं की जेवण होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. पण समोर तो माणूस बसला होता ज्याच्या अंगात ते सलाईन गेलं होतं. दुसऱ्या धोंड्यालाच त्यांचा निश्चय ढळला.

“कसं आसतंय वो ते?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“सलाईन.”

“पाण्यावानी. खुर्चीत बसायचं. झालं.”

“न्हाय, आत गेल्यावर कळतंय का काही? पहारेकरी जागं झाल्याचं?”

महारुद्र हसायला गेले. हसू अर्ध्यात थांबलं आणि त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. पेला खाली ठेवून म्हणाले, “घेतल्याबिगर कसं कळंल.”

बास. बलभीमरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

“तेच सांगायला आलोय. म्या ह्या प्रयोगातनं निघालो. तुमची गोळीबी नको आन् तुमचा दवाखानाबी नको. ज्याला दोन वाढलंय त्यानं खुशाल जेवावं.”

‘घेतल्याबिगर कसं कळंल’ हे महारुद्र टोमणा म्हणून बोललेच नव्हते. त्याच्या पुढं आणखी बरंच बोलायचं होतं, पण श्वास तिथंच संपला होता. हल्ली असंच व्हायचं. मनात वाक्य पुरं असायचं, तोंडातून त्याचं शेपूट तेवढं बाहेर पडायचं. त्यांना आता सांगायचं होतं की इवाई, असं करू नका, त्या दवाखान्याच्या बाकावर आपण दोघं शेजारी बसतो तेवढाच मला आधार आहे. एवढं लांब बोलायची ताकद नव्हती. त्यांनी त्यातले दोन शब्द निवडले.

“नका सोडू.”

“हुकूम करताय व्हय?”

“आबा, ताटावर नको,” अमरसिंह म्हणाला.

“बोलू दे की त्यांना,” दगडाबाई म्हणाल्या. “आल्यापासून बघतेय म्या. पायावर पाणी घालायलासुदिक कमीपणा वाटायलाय.”

राजनंदिनी तुपाची वाटी घेऊन मध्येच उभी होती. इतकी वर्षं ती दोन्ही घरांच्या मध्ये अशीच काहीतरी हातात धरून उभी राहत आली होती. तिनं वाटी खाली ठेवली.

“मामा, पाणी कुणी घातलं यावरून गोळी सोडायची असेल तर सोडा. पण सोडली तर तुम्ही जगणार नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायला कुणी धजत नाही, म्हणून मी सांगते.”

सुनेनं असं बोलावं, तेही तिच्या माहेरी, हे बलभीमरावांना नवं होतं. त्याहून नवं म्हणजे अमरसिंह मान वर करून म्हणाला, “खरं बोलतेय ती.”

दगडाबाई ताटावरून उठल्या. मुलगाही फितूर झालेला पाहून त्यांना कुणाशीतरी भांडायचंच होतं, आणि विठाबाई सैपाकघरात होत्या.

सैपाकघराची वाट मधल्या खोलीतून जाते. तिथं पलंगावरची चादर घडीसुद्धा न मोडलेली होती आणि शेजारी लाकडी खुर्चीवर उशा रचलेल्या, पुढं स्टुलावर आणखी एक उशी, डोकं टेकायला. दगडाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांचे पाय थांबले. बलभीमरावांचा आजार ओळखू येण्याआधीचा सगळा उन्हाळा त्यांच्या घरात खुर्ची अशीच मांडलेली असायची.

“ईनबाई,” त्यांनी सैपाकघराच्या उंबऱ्यातूनच विचारलं, “खुर्चीत कोण निजतंय?”

विठाबाईंच्या हातातली पळी थांबली. “कोण न्हाय. पाव्हणं येणार म्हणून सामान ठिवलंय.”

“मला नका शिकवू. आडवं झालं की दम कोंडतोय का त्यांचा?”

विठाबाई रडायला लागल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून. लग्नापासून या दोघी एकमेकींशी धड बोललेल्या नव्हत्या. दगडाबाईंना काय करावं कळेना. त्यांनी गॅस बंद केला.

“शपथ घातलीय मला,” विठाबाई म्हणाल्या. “नंदिनीला सांगायचं न्हाय, दवाखान्यात सांगायचं न्हाय. न्हाणीपतोर गेलं तरी बसावं लागतंय त्यांना. गेल्या खेपंला तिथं विचारलं तर म्हणले ठणठणीत हाय.”

“आवं, कशापायी?”

“दम लागतो म्हणलं तर सलाईन बंद करतील म्हणत्यात. आन् इवायांच्या म्होरं मान खाली जाईल म्हणत्यात. एकदाच काय ते देवानं पोरीकडच्यांना दिलंय म्हणं.”

दगडाबाई जन्मभर मानपानाच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या. पण हे त्यांना ऐकवेना. त्या तशाच बाहेर आल्या.

“नंदिनी, तुझ्या बापाला दम लागतोय. माणूस खुर्चीत निजतोय रातचा आन् घरात कुणी बोलंना.”

“तिला काय—” महारुद्र म्हणाले आणि तिथंच थांबले.

बलभीमरावांनी त्यांच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत ओढला जात होता. न उतरलेल्या पायऱ्या, बायकोच्या हाती दिलेला तांब्या, भिंतीला लावलेला हात. आल्यापासून आपण या माणसाचे अपमान मोजत बसलो आणि हा श्वास मोजत बसला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

राजनंदिनी फोन लावत होती. प्रयोगात असलेल्या प्रत्येकाला दवाखान्यानं एक नंबर दिला होता. खोकला वाढला, ताप आला, दम लागला, तर लगेच कळवा, वाट बघू नका, हे तिथं प्रयोगाचं काम बघणाऱ्या शांतम्मा नावाच्या बाईनं दर खेपेला बजावलेलं. शांतम्मानं फोन उचलला आणि आधी महारुद्रांनाच मागितला.

“काका, एका श्वासात सांगा बरं. तुमचं नाव, गाव, तालुका.”

“महारुद्र...” ते म्हणाले. गावापर्यंत पोचायला त्यांना दुसरा श्वास घ्यावा लागला, आणि तालुक्याच्या आधी खोकला आला. कोरडा, न थांबणारा.

“बोटाला लावायचं यंत्र आहे का घरात?” तिनं राजनंदिनीला विचारलं. कोरोनातलं होतं. आकडा नव्वदीच्याही खाली निघाला. शांतम्माचा आवाज बदलला नाही, पण बोलणं भरभर झालं. “आजची गोळी घेतली नसेल तर देऊ नका. आत्ता निघा. धाराशिवला सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावून घ्या, तिथून ॲम्ब्युलन्सनं इकडं आणा. मी मॅडमना सांगते. सलाईनचाच हा त्रास असू शकतो.”

“मी येणार न्हाय,” महारुद्र म्हणाले. “बंद करतील. सलाईन.”

“करू द्या की बंद,” बलभीमराव म्हणाले. ते उष्ट्या हातानं उठले होते. “नुसत्या गोळीनं काय मेलोय का म्या? उठा, इवाई. हात टाका इकडं खांद्यावर.”

पायऱ्या दोघांनी मिळून उतरल्या. एकाचं फुप्फुस थोडं बरं, दुसऱ्याचं थोडं वाईट. दर पायरीला थांबत. गाडीचं दार बलभीमरावांनी उघडलं.

धाराशिवला ऑक्सिजन लावून सोलापुरात पोचेपर्यंत ऊन कललं होतं. महारुद्रांना आत घेतलं, छातीचे फोटो काढले, हाताला सुई लागली, तोंडावर मास्क आला. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

“फुप्फुसाला सूज आली आहे. संसर्ग आहे का तेही तपासतोय, पण औषधाचाच परिणाम दिसतो. प्रतिकारशक्ती जागी झाली आणि आपल्याच फुप्फुसावर धावून गेली.”

“पहारेकरी घरातल्या माणसावरच उलटले,” बलभीमराव म्हणाले.

“तसंच. किंवा गोळीनं सूज आली, किंवा दोन्ही मिळून. नक्की सांगता येत नाही. दोन्ही थांबवली आहेत आणि सूज उतरवायला स्टेरॉइड सुरू केलंय. आणखी दोन दिवस घरी काढले असते तर अवघड होतं.”

राजनंदिनी भिंतीला टेकून उभी होती. अमरसिंह तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“आन् त्यांची गाठ?” बलभीमरावांनी विचारलं.

“ते त्यांच्या परवानगीशिवाय मी तुम्हाला सांगू शकत नाही.”

आतून पलंगावरचा हात वर झाला. महारुद्रांनी मास्क बाजूला केला. “दाखवा. इवायाला समदं दाखवा.” आणि श्वास घेऊन, “त्यांचंबी... मला सांगा.”

स्वतःचे फोटो बलभीमरावांनी आजवर कधी पाहिले नव्हते. नुसत्या गोळीत बघण्यासारखं काय, म्हणून दर वेळी ते बाहेर बाकावर बसून राहायचे. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर आधीचं आणि आताचं शेजारी शेजारी लावलं. लिंबाएवढी होती ती चिंचोक्याएवढी झाली होती. बलभीमराव इतके पुढं वाकले की त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली. ही आपल्या आतली गोष्ट, आपल्या नकळत इतके दिवस चाललेली, आणि आज आपण ती सोडायला निघालो होतो.

मग महारुद्रांचे फोटो. त्यांची गाठ तर बोट ठेवून दाखवावी लागली, इतकी बारीक. पण तिच्या भोवती, दोन्ही बाजूंना, खालपर्यंत सगळं पांढरं पांढरं भरून आलं होतं. हिवाळ्यात तळ्यावर धुकं बसतं तसं.

“मंग कोणती बरी?” त्यांनी विचारलं. “नुसती गोळी का दोन्ही?”

“अजून माहीत नाही.”

नेहमीचंच उत्तर होतं. या वेळी त्यांना राग आला नाही. ते एकदा आपल्या फोटोंकडं, एकदा व्याह्यांच्या फोटोंकडं बघत राहिले.

“म्या सोडलं तर?”

“तुमचा हक्क आहे. कधीही सोडा, तुमच्यावर उपचार आम्ही करूच. फक्त मग यांचं कुणाशी ताडून बघायचं, एवढा प्रश्न उरतो. सलाईनचा फायदा किती आणि नुकसान किती, हे नुसत्या गोळीवाल्यांकडं बघूनच कळतं.”

बलभीमरावांनी मान हलवली. मुलाकडचे म्हणून आयुष्यात त्यांना पुष्कळ मान मिळाले होते, पण आपल्याकडं बघितल्याशिवाय दुसऱ्याचं काही कळत नाही, असा मान कुणी दिला नव्हता. त्यांनी त्यावर काही बोलून दाखवलं नाही. सुनेकडं वळून ते म्हणाले, “सोमवारचं कितीला बोलावलंय मला? इचारून घे.” राजनंदिनीनं डोळे पुसले आणि शांतम्माला शोधायला गेली.

आत महारुद्र अर्धवट बसते केलेल्या पलंगावर टेकले होते. श्वास अजून जड होता, पण ओठांचा काळसरपणा कमी झाला होता.

“काय दिसलं?” त्यांनी मास्कच्या आतून विचारलं.

“तुमची गाठ माझ्याहून बारीक झालीया, इवाई. त्यात पहिला मान तुमचा.”

लग्नापासून या माणसाच्या तोंडून हे शब्द महारुद्रांनी कधी ऐकले नव्हते. त्यांचे डोळे भरून आले. “आन् दम?”

“दमात म्या म्होरं हाय.”

“मंग... जिकलं कोण?”

“डॉक्टरीणबाईला अजून कळलं न्हाय. तिला कळंपतोर म्या सोडायचं न्हाय आन् तुमी मरायचं न्हाय.”

मास्कच्या आत काहीतरी हाललं. हसू होतं की खोकला, कुणाला सांगता आलं नसतं.

“आन् कळल्यावर?”

“कळल्यावर बघू,” बलभीमराव म्हणाले आणि व्याह्यांच्या पायांशी पलंगाच्या कडेवर बसले.